सात जणांनी मिळून करायचं की वाटून घ्यायचं? सोमवारी साहेबांना सांगायचंय

तिसरं_टेबल (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण वाचा. ऑफिसात कुणाला विचारायची सोय नाही, कारण प्रत्येकाचा हात या प्रकरणात अडकलेला आहे.

मी डेटाचं काम करते, चौदा वर्षं झाली. गेल्या वर्षी जुन्या सिस्टीममधल्या ग्राहकांच्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये न्यायचा प्रकल्प आमच्याकडे आला. सुरुवातीला पाच जण होतो, पाचव्या महिन्यात साहेबांनी आणखी दोघं दिले. ठरले होते चार महिने, लागले सात. आता पुरवठादारांच्या नोंदींचं तसंच काम येतंय. साहेबांनी मला विचारलंय, "मागच्यासारखं सगळ्यांनी मिळून करायचं, की तुकडे पाडून एकेकाला द्यायचं? तुम्ही सांगाल तसं करू."

मागच्या वेळी घोळ कुठे झाला ते सांगते. जुन्या सिस्टीममध्ये तारीख आधी दिवस, मग महिना अशी होती. नवी सिस्टीम आधी महिना धरत होती. नोंदी बाहेर काढायचं काम एका सहकाऱ्याकडे, आत भरायचं दुसऱ्याकडे. २५/०७ सारखी तारीख आली की नवी सिस्टीम ती नाकारायची, कारण पंचविसावा महिना नसतो. नाकारलेल्या नोंदींची यादी तिसऱ्याकडे जायची आणि तो बिचारा टायपिंगची चूक समजून एकेक हाताने दुरुस्त करायचा. पण ०४/०७ मुकाट आत जायची. चार जुलैचा सात एप्रिल व्हायचा आणि कुणाला पत्ता नाही. मी नंतर बसून हिशेब केला. वर्षातल्या १४४ तारखा अशा दोन्ही तऱ्हेने वाचता येतात, त्यातल्या १२ उलट्या केल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. या १३२ तारखा चुकल्या तरी सिस्टीम हूं की चूं करत नाही.

सापडलं ते आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीमुळे. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. मीटिंग संपून सगळे खुर्च्या सरकवायला लागले तेव्हा ती हळूच म्हणाली, "या ग्राहकाची नोंद झाल्याची तारीख अजून यायचीय." कुणी लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा म्हटलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मी ती ओळ तीनदा वाचली. पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी सगळे बसलो. काढणारा म्हणाला, "माझ्या बाजूने बरोबर होतं." भरणारा म्हणाला, "माझ्या बाजूने झालं होतं." दुरुस्त करणाराही तेच. आणि तिघंही खरं बोलत होते. दोन्हीकडचे नमुने माझ्याही डोळ्यांखालून गेले होते. मी धरून चालले होते की हे त्या दोघांनी आपसात बोलून घेतलं असेल.

यावर कुणीही म्हणेल, मग वाटून द्या. पण मी एकटीनेही प्रकल्प केलाय. काही वर्षांपूर्वी मासिक अहवालांची सगळी रचना एकटीने सहा आठवड्यांत उभी केली. कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही, रात्री सुचलं की सकाळी झालेलं. त्या सहा आठवड्यांइतकं सलग, मन लावून काम मी नंतर कधी केलं नाही. मग अकरा दिवस आजारी पडले आणि अहवाल जागच्या जागी थांबले, कारण कुठलं बटण कशासाठी आहे ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पुढची दोन वर्षं रजेवर असले तरी फोन मलाच.

उलट गेल्या वर्षी त्या भरणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी अडचण आली, तो तीन आठवडे नव्हता, आणि काम एक दिवसही अडलं नाही. म्हणजे टीमनेच घोळ घातला आणि टीमनेच तारलं. आता सोमवारी काय सांगू? तुमच्याकडे घडलेलं सांगा, नुसती मतं नकोत.

---

कोपऱ्यातला_कोडर

ताई, सात सुगरणी, भाजी अळणी. दोघांना द्या आणि बाकीच्यांना त्यांच्या वाटेला जाऊ द्या.

चिडून म्हणत नाही, हिशेब सांगतो. पाच माणसं असली की एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १०. सात झाली की २१. तुमच्या साहेबांनी माणसं दोनच वाढवली, पण बोलणं दुपटीहून जास्त वाढवलं. आणि तेही पाचव्या महिन्यात, काम आधीच रेंगाळलेलं असताना! नव्या दोघांना समजावून सांगायला कोण बसलं असेल? ज्यांना काम येत होतं तेच. म्हणजे त्या दिवसांत त्यांचंही काम बंद. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. त्यांनी हे स्वतः भोगून लिहिलं होतं.

मी तेरा जणांच्या टीममध्ये होतो, ७८ जोड्या. रोज सकाळी सगळ्यांची हजेरी आणि 'काल काय केलं, आज काय करणार'. ठरली होती पंधरा मिनिटं, चालायची पन्नास. माझी पाळी अकरावी. पहिल्या दहा जणांचं मला काही कळायचं नाही आणि माझं त्यांना. डोकं सगळ्यात ताजं असतं ती वेळ अशी जायची.

---

शिकवतो_मानसशास्त्र

कोडर यांच्या हिशेबात भर घालतो, पण शेवट वेगळा आहे.

मॅक्स रिंगेलमान नावाचे फ्रेंच कृषी अभियंते होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि ते प्रयोग १९१३ मध्ये छापले. त्यांचे नेहमी दिले जाणारे आकडे असे: एकट्याने सरासरी ६३ किलोचा जोर, तिघांनी मिळून १६०, आठ जणांनी मिळून २४८. आठ गुणिले ६३ म्हणजे ५०४ व्हायला हवे होते. निम्माही जोर लागला नाही.

आता प्रश्न असा की उरलेला जोर गेला कुठे? एकाच वेळी, एकाच दिशेने ओढणं जमत नाही म्हणून वाया गेला, की माणसांनी लावलाच नाही? १९७४ मध्ये अमेरिकेत हे तपासलं गेलं. एका माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याच्या मागे इतर लोक नुसते ओढल्याचं सोंग करत उभे राहिले. खरं ओढणारा तो एकटाच, म्हणजे मेळ बसायचा प्रश्नच नव्हता. तरी सोबत माणसं आहेत असं वाटलं की त्याने जोर कमी लावला. १९७९ मध्ये बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच टाळ्या वाजवणं आणि ओरडणं यांवर करून पाहिलं, तिथेही तेच निघालं.

मी हा प्रयोग वर्गात सांगतो तेव्हा ऐकणारे लगेच कुणातरी कामचुकार सहकाऱ्याचं नाव घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. पट्टी बांधलेला तो माणूस आळशी नव्हता. आपला जोर वेगळा मोजला जात नाही एवढंच त्याला कळलं होतं. आणि नंतरच्या प्रयोगांत दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येईल असं सांगितलं की ही गळती बरीचशी थांबते.

म्हणून ताई, तुमच्या त्या तिसऱ्या सहकाऱ्याचं मला वाईट वाटतं. शेकडो तारखा हाताने दुरुस्त केल्या म्हणजे मेहनत चोख होती. त्याच्याकडे यादी होती, पण 'या एवढ्या का येतायत?' हे विचारणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. माणसं सात की दोन यापेक्षा हे आधी बघा.

---

नाइट_ड्यूटी

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आमच्याकडे दोघांवर भागत नाही, एका टेबलाभोवती पाच-सहा जण लागतातच. त्यामुळे कोडर यांचा सल्ला आम्हाला घेता येत नाही. पण ताईंच्या त्या नव्या मुलीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

नोकरीतला माझा सातवा आठवडा होता. शस्त्रक्रिया संपत आलेली, टाके घालायला घेतलेले. मी गॉझ मोजले, एक कमी. पुन्हा मोजले, एक कमी. समोर वीस वर्षं काम केलेले सर्जन, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतायत. माझ्या तोंडून आवाज फुटेना. मनात एकच, आपलीच मोजणी चुकली असेल. शेवटी म्हटलं, "सर, एक कमी आहे." ते थांबले. वर न बघता म्हणाले, "सगळे थांबा. शोधा." चार मिनिटांनी तो खाली सरकलेल्या कापडाच्या घडीत सापडला. सर्जन मला म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांग, मोठ्याने सांग." शाबासकी नाही, रागही नाही. त्या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं काम करतेय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. त्यात एक ओळ आहे, चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. आम्हाला वाटलं होतं, हे कशाला? रोज तीच माणसं. पण एकदा तोंड उघडलेलं माणूस दुसऱ्यांदा लवकर उघडतं, हे मी थिएटरमध्ये रोज बघते. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती यादी वापरून बघितली, त्याचे आकडे २००९ मध्ये छापून आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ वर. हेच आकडे दाखवून आमच्या सर्जननी सगळ्यांना तयार केलं.

आमच्याकडे ती यादी लागू करायचा प्रकल्प पाच विभागांतल्या पाच जणांकडे होता, त्यात मी एक. खरं सांगते, एका पानावर एकमत व्हायला चार महिने गेले. सही कुणी करायची यावरच तीन बैठका. एकट्या कुणी बसून लिहिलं असतं तर एका दुपारचं काम. पण त्याआधी एकाच डॉक्टरांनी एकट्याने बनवलेला एक फॉर्म होता, छान होता, आणि तो कपाटात पडून राहिला. हा पाच जणांचा पहिल्या आठवड्यापासून वापरात आला, कारण प्रत्येक विभागात 'हे आपण ठरवलंय' म्हणणारं माणूस होतं. तेव्हा ताई, पुरवठादारांच्या नोंदी उद्या ज्यांना वापरायच्या आहेत त्यांच्यातलं कुणी टीममध्ये आहे का?

---

मागच्या_बाकावरून

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. श्रेयाची.

आठ जणांच्या प्रकल्पात चाचणीची सगळी आखणी मी केली होती, ३४० मुद्दे, एकेक हाताने लिहिलेला. सादरीकरणात ते 'टीमने केलं' म्हणून एका ओळीत आलं. अप्रेजलमध्ये साहेबांनी विचारलं, "तुमचा यात नेमका वाटा काय?" मला त्या खुर्चीवर बसून उत्तर देता आलं नाही, कारण कागदावर कुठेच माझं नाव नव्हतं. त्यानंतर मी बरेच महिने जेवढ्यास तेवढं काम केलं. शिकवतो_मानसशास्त्र यांनी दोराचं लिहिलंय ना, तो सैल सोडणारा हात माझाही होता आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

नंतर एक गोष्ट वाचली तेव्हा राग थोडा निवला. रॉस आणि सिकोली या दोघांनी १९७९ मध्ये दाखवलं की मिळून केलेल्या कामात प्रत्येकाला आपला वाटा विचारला की बेरीज खऱ्या कामापेक्षा जास्त भरते. यात लबाडी असेलच असं नाही. आपण जागवलेली रात्र आपल्याला पूर्ण आठवते, दुसऱ्याने जागवलेली आपल्याला माहीतही नसते. म्हणजे त्या आठ जणांत आपलं बुडालं असं वाटणारा मी एकटा नसेन.

आता मी दर शुक्रवारी सामायिक शीटवर तीन ओळी लिहितो: मी काय केलं, कुणाची मदत घेतली, कुणासाठी अडलोय. दुसऱ्या ओळीमुळे फरक पडला. नाव घेतलं गेलं की माणूस पुढच्या वेळी आपणहून येतो.

---

कोपऱ्यातला_कोडर

नाइट_ड्यूटी, तुमचं दोनदा वाचलं. 'दोघांना द्या' हे मी जरा घाईने म्हटलं. दोघांची टीम असती तर ती नवी मुलगी मीटिंगमध्ये नसती आणि त्या १३२ तारखा अजून तशाच असत्या.

ताई, तुमच्या तारखांचंच मोठं भावंड सांगतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचलं आणि हरवलं. यान बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर जोराचे आकडे पौंडांच्या मापात देत होतं, मार्ग ठरवणारी टीम ते न्यूटनच्या मापात वाचत होती. एक पौंड म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. दोन्हीकडे जाणकार माणसं, दोन्हीकडे 'आमच्या बाजूने बरोबर'. चौकशीत आणखी एक निघालं. मार्गात काहीतरी खटकतंय हे काही जणांच्या लक्षात आलं होतं, पण ते नीट पुढे पोचलं नाही.

तुमच्या मुलीने दुसऱ्यांदा म्हटलं नसतं तर?

---

तिसरं_टेबल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं पुन्हा वाचलं आणि सोमवारी सांगायचं ते लिहून काढलं. इथे टाकते, चुकत असेल तर सांगा.

साहेबांना सांगणार आहे की 'मिळून की वाटून' हा प्रश्नच मी चुकीच्या जागी लावत होते. मागच्या वेळी काढणं नीट झालं, भरणंही नीट झालं. मोडलं ते मधल्या सांध्यावर. तो सांधा सातांपैकी कुणाच्याच नावावर नव्हता, आणि वाटून दिलं असतं तर तो कुणाच्या नजरेलाही पडला नसता. म्हणून या वेळी सात जणच, पण तीन जोड्या. काढणं एका जोडीकडे, तपासून साफ करणं दुसरीकडे, भरणं तिसरीकडे. जोडी अशासाठी की कुणी आजारी पडलं तर माझ्या अहवालांसारखं काम बंद पडू नये. जोडीचं काम जोडीचं, त्यात बाकीच्यांनी बोट घालायचं नाही. रोजची सगळ्यांची मीटिंग बंद.

सातवा माणूस फक्त सांध्यांवर. एका जोडीकडून दुसरीकडे काही गेलं की दोन्ही बाजूंच्या शंभर नोंदी समोरासमोर ठेवून वाचायच्या आणि पटलं तरच सही करायची. त्याची सही नसेल तर पुढचं पाऊल नाही, मग साहेबांनी सांगितलं तरी नाही. हे शेवटचं साहेबांना कितपत रुचेल कोण जाणे, पण मी त्यावर अडून बसणार आहे.

नाइट_ड्यूटी, तुम्ही विचारलंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोंदी वापरणार खरेदी विभाग, आणि आमच्या यादीत तिथलं कुणीच नव्हतं. तिथल्या एका बाईंना आज फोन केला. म्हणाल्या, "मागच्या वेळी आम्हाला थेट शेवटच्या आठवड्यात दाखवलं होतं." त्या आठवड्यातून एकदा तासभर येणार आहेत.

शुक्रवारच्या तीन ओळी जशाच्या तशा घेतल्या. अप्रेजलचं मात्र सुटलेलं नाही. आमच्या फॉर्ममध्ये एकच रकाना आहे आणि सांधे तपासणाऱ्याने तिथे लिहायचं काय? काहीच बिघडलं नाही, तर त्याने काही केलं हे दिसणार कसं? मागच्या_बाकावरून, तुम्ही चाचणीतले आहात, तुमच्याकडे यावर काही असेल तर नक्की लिहा. मला ते सोमवारच्या आधी हवंय, कारण सातवी म्हणून मी त्या नव्या मुलीचं नाव सुचवणार आहे आणि तिचं नुकसान झालेलं मला चालणार नाही.

तिला आज दुपारी विचारलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चालेल. पण नमुन्याच्या शंभर नोंदी मी निवडणार, कुणी निवडून दिलेल्या नकोत."

हेही यादीत घातलंय. मंगळवारी काय झालं ते लिहिते.